घंटेचा दोर

"एवढंच सांगा, आबा. शास्त्रात लिहिलंय ते जसंच्या तसं खरं, की नाही? हो किंवा नाही."

आबा तोरणे अंगणात बाजेवर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होते. त्यांचे हात काही थांबले नाहीत.

"बस की आधी. उन्हाचा आलास."

सुमंत भिंगारदिवे बसला नाही. गेल्या वर्षीच तो खडकदऱ्याच्या चर्चचा पाळक झाला होता. त्याच्याआधी तिथे आबा होते. सुमंतला लहानपणी मांडीवर घेऊन बायबल वाचायला शिकवलं ते आबांनीच, आणि पुढे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात धाडलं तेही त्यांनीच. पोरगा कॉलेजात पहिला आला, आणि तेव्हापासून त्याला कसली म्हणून शंका उरली नव्हती.

आज रविवार. उपासना आटोपून तो पांढऱ्या झग्यातच टेकाड उतरून आला होता. खांद्याला एक फुगलेली पिशवी होती.

"संध्याकाळी कमिटी आहे," तो म्हणाला. "सगुणाबाईंना चर्चच्या मंडळीतून काढायचं ठरवतोय. पण कमिटीवाले म्हणतात, आबा हो म्हणतील तरच."

"सगुणानं काय केलं?"

"शब्बाथ मोडला. देवाच्या विसाव्याच्या दिवशी काम."

सगुणाबाई ओहोळ चर्च झाडायची आणि घंटा वाजवायची. घंटा उपासनेची, आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरचीही. चर्च टेकाडावर, त्यामुळे टँकर सगळ्यांत आधी तिथूनच दिसायचा. तो दिसला की बाई दोर ओढायची आणि सगळा गाव हंडे घेऊन धावायचा. मारुतीच्या देवळाकडचे, मशिदीमागचे, सगळेच. आबांच्या काळापासून हे असंच चाललं होतं.

अडचण एवढीच, की टँकर रविवारी यायचा. आणि नेमका प्रवचनाच्या वेळी.

"मी आज्ञा समजावून सांगतोय आणि बाकांवरची माणसं एकेक करून उठतायत," सुमंत म्हणाला. "मागून हंड्यांचा खणखणाट! ही काय उपासना झाली? घंटा देवाची आहे, आबा. पंचायतीनं भोंगा घ्यावा."

"घेतलाय की."

"मग?"

"वीज नसते."

सुमंतला हसू आलं, ते त्याने गिळलं. "ते त्यांचं त्यांनी बघावं. धर्म धर्माच्या जागी, टँकर टँकरच्या जागी."

"बरोबर," आबा म्हणाले. "आणि माणसांनी कुठं उभं राहायचं?"

सुमंतने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"सांग की. मलाही कळू दे."

सुमंतने तो प्रश्न सोडून दिला. कॉलेजात तो कुणी विचारला नव्हता.

"आज मी घंटेचा दोरच काढून ठेवला," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खुलला. "टँकर आला. बाई दोर ओढायला गेल्या आणि नुसत्या वर बघत राहिल्या. मंडळीतलं एक माणूस उठलं नाही, आबा. वर्षात पहिल्यांदा माझं प्रवचन पुरं झालं!"

"वा! आणि सगुणा?"

त्याचा चेहरा उतरला. "टेकाडाच्या पार खालच्या पायरीवर जाऊन गावाकडे ओरडत होत्या. टँकर आला, टँकर आला म्हणून. घसा बसला तरी ओरडत होत्या. म्हणून तर आलोय. बायबलातल्या गणनेच्या पुस्तकात स्पष्ट आहे. रानात एक माणूस शब्बाथ दिवशी लाकडं वेचताना सापडला होता..."

"हां, हां. त्याला मंडळीतून काढलं."

"नाही," सुमंत जरा अडखळला. "त्याला धोंडमार केला."

"अरे हो की." आबांनी शेंगा बाजूला सारल्या आणि फुगलेल्या पिशवीकडे पाहिलं. "मग धोंडे आणलेस?"

"आबा!"

"नाहीत? बांधावर आहेत की बक्कळ. पण वेचायला तू आज वाकणार कसा? रविवार आहे."

"आबा, थट्टा नका करू. धोंडे त्या काळचे."

"आणि लाकडं आजची?"

सुमंतने झग्याच्या बाहीने कपाळाचा घाम पुसला.

"बरं, बरं. मी म्हातारा माणूस. नीट समजून घेतो आपला." आबा पुन्हा शेंगा मोडू लागले.

सुमंत बाजेच्या कडेला टेकला. ऊन मी म्हणत होतं. सकाळपासून बोलून त्याच्या घशाला कोरड पडली होती.

"आबा, पाणी द्या जरा."

"रांजणात नाही."

"विहिरीतलं चालेल."

"विहिरीला तळाशी थोडं आहे. पण आमची बादली वरच लटकती. दोर पोचत नाही."

सुमंतने पिशवीकडे पाहिलं. मग आबांकडे. आबा शेंगांकडे पाहत होते. एवढं लक्ष देऊन शेंगा कुणी मोडत नाही.

"हा घंटेचा दोर आहे," सुमंत म्हणाला.

"असंल."

"देवाच्या कामाचा."

"तर काय."

समोरच्या लिंबावर कावळा ओरडून ओरडून गप्प झाला. सुमंतने आवंढा गिळायचा प्रयत्न केला, पण गिळायला काही नव्हतं.

मग तो उठला. पिशवीतून दोर काढला, बादलीच्या दोराला जोडून चांगली घट्ट गाठ मारली आणि बादली विहिरीत सोडली. ती खाली गेली, आणखी खाली गेली... आणि डुबुक असा आवाज आला.

"पोचली!" तो पोरासारखा ओरडला.

"पोचली का? छान."

पाणी गढूळ होतं. सुमंतने ते फडक्याने गाळलं आणि लोटाभर एका दमात प्यायला. दुसरा लोटा आबांना दिला. आबा सावकाश प्यायले, पार शेवटच्या थेंबापर्यंत. तेव्हा कुठे सुमंतच्या लक्षात आलं, की आबांचे ओठही सकाळपासून कोरडे असावेत.

"आबा, रांजण रिकामा कसा? टँकर तर आज आला होता."

"आला होता का?" आबांनी मिशीवरचं पाणी पुसलं. "वाट बघत बसलो होतो. काही ऐकूच आलं नाही."

सुमंतचे कान लाल झाले. प्रवचन पुरं झाल्याचा सकाळपासूनचा आनंद कुठल्या कुठे गेला आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

त्याने झग्याच्या बाह्या वर सारल्या आणि बादली पुन्हा विहिरीत सोडली. मग पुन्हा. रांजण गळ्यापर्यंत भरेस्तोवर तो थांबला नाही. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखला होता. आबा बाजेवरून बघत होते आणि कसलं तरी जुनं भजन गुणगुणत होते.

"झालं," सुमंत धापा टाकत म्हणाला. "आता हा दोर सोडवून नेतो. वर बांधायचाय."

पण गाठ भिजून आवळली होती. बोटांनी सुटेना.

"दातानं सोड," आबा म्हणाले. "मारलीस तूच ना?"

सुमंतने दातांनी गाठ सोडवली. आबांना हसू आवरेना. मग सुमंतलाही आवरेना.

दोर पिशवीत भरून तो निघाला, तसे आबा घरात गेले आणि एक काडी घेऊन बाहेर आले.

"हे धर. ज्येष्ठमध आहे. सगुणाला दे, म्हणावं तोंडात धर. घसा सुटंल." मग डोळे बारीक करून म्हणाले, "तसं लाकूडच आहे हे. पण वेचलेलं नाही हं, दुकानातून आणलंय."

सुमंतने काडी जपून खिशात ठेवली.

"आणि कमिटीला काय सांगू, आबा?"

"चहा पाजा म्हणावं. सगुणालाही बोलावून."

सुमंत मान हलवून चालू लागला. फाटकापाशी मात्र त्याचा पाय अडला. पहिला आलेला विद्यार्थी तो. प्रश्न अर्धवट टाकून जाणं त्याच्या जिवाला लागायचंच.

"आबा, माझं उत्तर राहिलंच की. लिहिलंय ते जसंच्या तसं खरं, की नाही?"

आबांनी शेंगांचं सूप मांडीवर घेतलं.

"टँकर दिसला की वाजव," ते म्हणाले. "इथवर ऐकू येतं."