सरवा

“आणि ती कणसं मागे ठेवली कोणी?” खांबेटे मास्तरांनी विचारलं.

कोश मंडळाने मला परीक्षेला एकच शब्द दिला होता: ‘ग्लीन’. इंग्रजांच्याही बोलण्यात क्वचित येणारं क्रियापद. मास्तर मंडळाचे परीक्षक; माझ्या अर्थाखाली त्यांनी सही केली, तरच मला संपादकाची जागा मिळणार होती.

बेचाळीस वर्षं झाली. आम्ही बोललो ते शब्द हेच होते का, याची आता खात्री देववत नाही.

मी लिहिलं होतं, ‘कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं, म्हणजे सरवा, वेचणे.’

“राहतात ती, मास्तर. चुकून.”

“चुकून...” मास्तर म्हणाले. “एम. ए. ना तू?”

“सुवर्णपदक.”

“मग वापर करून दाखव.”

आम्ही त्यांच्याच शेताच्या बांधावर उभे होतो. ज्वारीची काढणी उरकली होती. पलीकडे चार-पाच बायका पदर खोचून बसल्या होत्या. मला वाटलं, दमल्या असतील.

मी बांधावरची रिकामी पाटी घेतली, पँट दुमडली आणि वाकलो. अर्ध्या तासात पाटी भरली. ती नेऊन मास्तरांच्या खळ्यावर ठेवली. रानात एक कणीस सोडलं नाही.

बायकांत खसखस पिकली.

“मास्तर, पाव्हणा लई नेटाचा हाय वो!” त्यांतली थोरली, सुंद्राबाई, ओरडली. “आमची रातची भाकर उचलून तुमच्याच खळ्यावर नेली की!”

सगळ्या हसल्या. एक हसली नाही. ती रिकाम्या रानाकडे बघत होती...

माझे कान तापले. मी खिशातून कागद काढला.

“चुकलो, मास्तर. ‘गोरगरिबांनी’ एवढा शब्द घालतो. मग सही...?”

मास्तरांनी कागद घेतला, घडी केली आणि माझ्याच खिशात परत घातला. मग खळ्यावरची पाटी उचलून काखेला लावली.

“चल.”

आम्ही रानातून शेजारी शेजारी चालू लागलो. त्यांचा हात पाटीत जायचा, पाठीमागे जायचा आणि रिकामा पुढे यायचा. नजर समोरच्या बाभळीवर.

थोड्या वेळाने मागे बांगड्या वाजू लागल्या.

अर्ध्या रानात त्यांनी पाटी माझ्याकडे दिली.

मी एक कणीस टाकलं. दुसरं टाकलं. तिसरं कोणी उचललं, ते पाहायला मान वळवू लागलो...

मास्तरांनी हनुवटीला धरून माझं तोंड पुढे केलं.

“मागं बघितलंस, तर सही नाही.”