कायद्यातले दुसरे कलम

खूप जुन्या काळची गोष्ट. नदीकाठच्या एका राज्यात शारंगधर नावाचे न्यायाधीश होते. माणूस सचोटीचा, पण काम फार संथ. एकेक खटला वर्षानुवर्षे चाले. लोक कंटाळले आणि राजाकडे गेले.

राजाने नवा कायदा लिहिला. त्यात दोनच कलमे होती. प्रत्येक खटल्याचा निकाल सहा महिन्यांत लागावा, हे पहिले. राजाला वाटेल तेव्हा न्यायाधीशाला काढता यावे, हे दुसरे.

शारंगधर राजसभेत उभे राहिले. "महाराज, उशीर होतो ही माझी चूक. पहिलं कलम मला मान्य आहे. दुसरं नाही."

"आणि तुम्ही चुकलात तर?" राजाने विचारले.

"चूक सभेपुढे सिद्ध करा आणि मग काढा. केवळ मनात आलं म्हणून नको."

सभेने मान खाली घातली आणि कायदा मंजूर केला.

महिन्याभरातच राजाच्या मेहुण्याने एका गावाचे पाटाचे पाणी तोडून आपल्या बागेकडे वळवले. गावाची म्हातारी पाटलीण भागाबाई न्यायालयात आली. शारंगधरांनी बारा दिवसांत निकाल दिला, "पाणी गावाचं आहे." त्याच दिवशी राजाने त्यांना काढले. नव्या न्यायाधीशाने आल्या आल्या तो निकाल फिरवला.

पुढे त्या गावाचे धान्याचे कोठार जळाले. सगळ्यांनी मेहुण्याकडे बोट दाखवले. खरे तर त्या दिवशी तो राजाबरोबर शिकारीला गेला होता. नव्या न्यायाधीशाने त्याला निर्दोष ठरवले, पण कुणाचाच विश्वास बसला नाही. गावकरी काठ्या घेऊन त्याच्या दाराशी जमले.

घाबरलेला राजा शारंगधरांच्या घरी गेला. "पंत, तो खरोखर निर्दोष आहे. तुम्ही सांगितलंत तरच लोक ऐकतील. परत या."

"आधी दुसरं कलम काढा."

"म्हणजे उद्या तुम्ही माझ्याविरुद्धही निकाल द्याल!"

"पुरावा तसा असेल तर देईन."

राजा रागाने निघून गेला. तीन दिवसांनी जमाव मेहुण्याच्या वाड्याचे फाटक तोडू लागला, तेव्हा राजाने सभा बोलावली. दुसरे कलम रद्द झाले, पहिले तसेच राहिले. पाटाचे पाणीही गावाकडे सोडले गेले.

शारंगधर न्यायासनावर परतले आणि त्यांनी सर्वांसमोर साक्षी घेतल्या. अखेर कोठाराच्या राखणदाराने रडत कबूल केले, की आग त्याच्याच शेगडीतून लागली होती. मेहुणा निर्दोष ठरला.

गावकरी भागाबाईकडे पाहू लागले. ती म्हणाली, "पाण्यासाठी ह्या माणसाने आपली खुर्ची घालवली. तो कुणाला भिऊन बोलणार नाही. काठ्या खाली ठेवा."

काठ्या खाली आल्या.

तात्पर्य: न्यायालय जरूर सुधारावे, पण न्यायाधीशाला सत्तेच्या धाकात ठेवणारा कायदा शेवटी सत्ताधाऱ्यालाही न्याय मिळू देत नाही.