टोपलीभर पडलेले काजू

“पण अजून किती थांबायचं, बुवा?”

निरंजनने पुन्हा तेच विचारलं. मी मठाच्या चुलीपुढे होते. भाकरी थापता थापता मनात म्हटलं, हीच गरमगरम ह्याच्या तोंडात कोंबावी, म्हणजे जरा वेळ तरी गप्प बसेल.

बुवा ओट्यावर काजूच्या बिया उन्हात पसरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशासाठी थांबायचं?”

“भगव्या वस्त्रांसाठी! आणखी कशासाठी? संसार सुटला माझा. मन उठलं. मग अडलंय कुठे?”

“टोपली भरली?”

“नाही.”

“मग तिथे अडलंय.”

निरंजन पाय आपटत अंगणात गेला. तिथे माझी तुळशीपाशी ठेवलेली बादली लवंडली, ती त्याने सरळ केली नाही. संसार सोडलेल्या माणसाने बादली उचलायची नसते बहुतेक.

हा निरंजन पाटणकर चिपळूणचा. बायको आणि लहान मुलगी घरी टाकून एक दिवस डोंगर चढून मठात आला आणि बुवांचे पाय धरून बसला. म्हणाला, मला संन्यास द्या. बोलायला हुशार. माया, मोह, बंधन, सगळं तोंडपाठ.

आमच्या मठात तशी कसली सक्ती नाही. पण एक रीत कडक आहे. भगवी अंगावर चढली की घरची वाट बंद. मग बायको येऊन दारात रडली तरी उपयोग नाही.

आल्या दिवशीच त्याने मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

“काकू, हा तुमच्याकडे राहू दे. मला नको आता.”

“बंद करू?”

तो घुटमळला...

“असू दे चालू,” म्हणाला. “पण उचलू नका.”

झालं! तेव्हापासून ह्याचं वैराग्य माझ्या तांदळाच्या डब्यात वाजतंय. चार्जिंगला लावायचं तेही मीच. पडद्यावर ‘शलाका’ असं नाव येतं. ती ह्याची बायको. तांदूळ काढायला गेलं की डबा थरथरतो. भगवी घालायचीत ह्याला, आणि जीव माझा खालीवर.

बुवांनी त्याला काम दिलं होतं ते एवढंच.

“विहिरीकडच्या काजूंखाली जा. टोपलीभर वेच. पडलेलेच हां. झाडाला हात लावायचा नाही. टोपली भरली की वस्त्रं देतो.”

पडलेले काजू विकून मठाला वरचे चार पैसे सुटतात. चातुर्मासाचं तेल, चहापावडर त्यावरच निघते. पिकलेला काजू आपणहून खाली येतो. बी जरा पिळली की वरच्या रसाळ बोंडापासून अलगद सुटते. पोरासोरांचं काम ते.

पण हंगामाची नुकती सुरुवात. दिवसाकाठी ओंजळभर पडायचे. त्यातली बोंडं माकडं पळवायची नि बिया कुठल्या तरी झुडपांच्या जाळीत थुंकून यायची. निरंजन सकाळ-संध्याकाळ झाडाखाली उकिडवा बसायचा आणि वर बघून दात-ओठ खायचा.

आणि त्याला वस्त्रं हवी होती पाडव्याला. पाडवा आला होता तोंडावर.

त्या दिवशी पाय आपटत गेला तो दुपारी जेवायच्या वेळेला परत आला. टोपली काठोकाठ भरलेली! कपाळावर घाम, तोंडावर ऐट. बुवांच्या पुढ्यात टोपली ठेवली आणि हात मागे बांधून उभा राहिला.

“घ्या.”

मी टोपलीत डोकावले आणि माझं डोकंच सणकलं. निम्म्याहून जास्त बिया हिरव्यागार! वाळल्या की सुरकुतून पोचट होणाऱ्या. व्यापारी हातसुद्धा लावत नाही असल्या मालाला. आणि झाडावर राहिल्या असत्या तर...

“अरे मेल्या...” मी तोंड उघडलं.

बुवांनी हात वर करून मला थांबवलं. टोपलीकडे ते बघतच नव्हते.

“हात दाखव,” त्यांनी निरंजनला सांगितलं.

“टोपली बघा ना. भरलीय.”

“हात.”

“वाऱ्याने पडले, बुवा.”

तुळशीचं पान हलत नव्हतं.

“हात दाखव रे...”

त्याने हात पुढे केले. बोटं लालबुंद. दोन-तीन ठिकाणी कातडी उतून वर आलेली. हिरवा काजू बोंडापासून ओढून काढायचा म्हणजे चीक उडतो, आणि तो चीक भाजतो. पडलेल्या काजूने कुणाची बोटं भाजत नाहीत. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.



मग निरंजनच फुटला.

“हो, हलवलं झाड! फांद्या धरून गदागदा हलवलं! काय करू मग? झाड त्याच्या मर्जीने टाकणार, तुम्ही तुमच्या मर्जीने बोलणार, आणि मी इथे कुजत बसू?”

“घरी जा.”

“कुठल्या तोंडाने जाऊ?” तो ओरडलाच. “सख्ख्या भावाने दुकानाच्या पायरीवरून खाली ढकललं मला! भर बाजारात! शलाका समोर उभी होती. पोरगी तिच्या कडेवर होती, तिने बघितलं. बाबा पडला, बाबा पडला म्हणून...”



माया, मोह, बंधन ऐकून ऐकून माझे कान किटले होते. ही पायरीची गोष्ट मात्र मी पहिल्यांदा ऐकली. रागच आला मला. एवढे दिवस हे बोलायला काय झालं होतं ह्याला?

“अनसूया,” बुवा मला म्हणाले, “खोबरेल आण.”

मी वाटी आणून आदळली. बुवांनी निरंजनला आपल्याशेजारी ओट्यावर बसवलं, त्याचा एक हात मांडीवर घेतला आणि एकेका बोटाला तेल चोळायला लागले. निरंजन एवढा बाप्या, पण हात सोडवून घेईना. मान खाली घालून नाक ओढत राहिला.

“पाडव्याला वस्त्रं द्याल ना, बुवा?” खालूनच विचारलं त्याने. “टोपली भरलीय...”

बुवा तेल चोळत राहिले.

“टोपली भरली की देतो म्हणालात तुम्ही. शब्द दिलात.”

“दिला.”

“मग?”

बुवांनी खांद्यावरच्या पंच्याला हात पुसला. कोनाड्याकडे बोट केलं. तिथे भगव्या वस्त्रांची घडी होती. कधी आणून ठेवली होती कोण जाणे, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“ती बघ. घे जाऊन.”

हा माणूस आता उठला आणि चार पावलं चालला, की चिपळूणच्या त्या पोरीला बाप नाही.

निरंजन उठला...

आणि आत माझा तांदळाचा डबा थरथरायला लागला.

तो जागच्या जागी थबकला. कोनाड्याकडे तोंड, पण कान स्वयंपाकघराकडे. पुढेही जाईना, मागेही येईना. डबा थांबला. पुन्हा सुरू झाला.

आता मात्र हद्द झाली माझी. आत गेले, सगळाच्या सगळा डबा उचलला आणि आणून ओट्यावर ठेवला, बरोबर दोघांच्या मध्ये.

“हे घ्या तुमचं! वस्त्रं घ्या नाही तर घेऊ नका. मला उद्यापासून तांदूळ सुखाने काढू द्या!”

निरंजन डब्याकडे बघत राहिला. तेलकट हात अंगापासून लांब धरलेले.

बुवांनी टोपलीतली एक हिरवी बी उचलली. बोटांत फिरवली.

“हा काजू काही आता परत फांदीला लागायचा नाही,” ते म्हणाले.

ती बी त्यांनी टोपलीत टाकली. डबा वाजतच होता.

“तुझा फोन आहे.”