रांगेत बोलायचं नाही!

माणसांनी ऑफिसं काढायच्याही आधीची गोष्ट आहे, बरं का! मुंग्यांच्या कंपनीत नवे मॅनेजर आले, मुंगळेसाहेब. आल्या आल्या फर्मान काढलं, "समोरासमोर आलात की मिशांना मिशा लावून गप्पा मारता ना? बंद! नुसता टाइमपास!"

बिचारी ठमी मुंगी! दिवसभर गप्प राहून तिचा जीव नुसता गुदमरायचा. एकदा दाणा घेऊन परतताना तिला दगडामागे पाल दिसली, आणि साहेब नेमके तिकडेच निघालेले! बोललं तर नोकरी जाणार. तरी तिने त्यांच्या मिशांना मिशा लावल्याच.

"ठमे, परत गप्पा?"

"साहेब, पुढे पाल बसलीय!"

साहेबांनी गर्रकन मागे वळून पाहिलं. त्यांच्या मागून अख्खी रांग मुकाट येत होती.

"आता यांना कोण सांगणार गं?"

"रांगेतल्या पुढच्यांना तुम्ही सांगा साहेब, मागच्यांना मी सांगते. पळा!"