हलू नको, आजी

“मग, यल्लवाआजीचा फोटो कुठाय?”

मुबारक उस्तादांनी रंग ढवळता ढवळता विचारलं आणि जाल्याच्या तोंडाला कुलूपच लागलं. एरवी ते तोंड म्हणजे बिनब्रेकची सायकल.

खाणवस्ती कशी वसली, ते उस्तादांनी रस्त्याकडेच्या भिंतीवर रंगवलं होतं. गाढवांवर संसार लादून आलेली माणसं, दगड फोडणारे हात, पहिला हापसा. जाल्या त्यांच्या हाताखाली शिकायचा. पण मामाचा कॅमेरा गळ्यात आला आन् गडी हवेत! भिंतीचे दोनशे फोटो हाणले पठ्ठ्यानं.

भिंतीवर एक चूल पण होती. तीन दगड, धूर... बाई नव्हती. वस्तीचा दंडकच तसा, जित्या माणसाला भिंतीवर चढवायचं नाही. अन् वस्तीतली पहिली चूल पेटवणारी यल्लवाआजी तर रोज तिथंच, त्या धुराला टेकून तंबाखू मळत बसायची.

परवा आजी गेली. आता तिला भिंतीवर घ्यायची होती.

“आधार कार्डावरचा चालंल की,” जाल्या पुटपुटला.

“त्यात चोर दिसती ती. आन् तिनं सांगून ठेवलंय मला. जालिंदरनं काढलाय, त्योच फोटू घ्या म्हणून. साऱ्या वस्तीला सांगत फिरली.”

जाल्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

“उस्ताद... झाकण होतं.”

“कशावर?”

“लेन्सवर. सारखी मधी यायची ती फोटोत. म्हणून गंमत केली. म्हणलं, बस आजी, हलू नको. नुसतंच खटखट केलं अन् पळालो. पोरं लोळली हसून... ती पण हसली.”

“कशी हसली?”

जाल्यानं कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळला.

“झाकण लेन्सवर होतं. डोळ्यावर नव्हतं ना?”

जाल्यानं डोळे मिटले. सगळं आठवलं. गण्याचे दात, सादिकचं पोट धरणं, कोण कुणाच्या अंगावर पडलं ते. आजीचं तोंड तेवढं येईना.

“मी पोरांकडं बघत होतो, उस्ताद.”

उस्ताद उठले. चुलीपाशी एक बाई काढली. पाठ ताठ, पदर डोक्यावर नीट ओढलेला, दोन्ही हात मांडीवर. फोटोला बसतात तशी.

तोंडाची जागा कोरीच ठेवली अन् ब्रश पाण्यात बुडवला.

“तोंड काढा की,” जाल्याचा आवाज फाटला. “तुम्हाला तर पाठ आहे ती.”

उस्तादांनी त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याचं झाकण काढलं. त्याच्या मुठीत ठेवलं. मूठ मिटली.

“हलू नको म्हणला होतास ना तिला?... अजून हलली नाय ती.”