पावडर लावलेलं इंजिन

सूतगिरणीचे चेअरमन सरनोबत यांच्या जुन्या मोटारीखाली तेल साचू लागलं आणि बावीस वर्षांचा ड्रायव्हर केरबा घरी बसला.

"त्यानंच दगडावर घालून तेलाचं चेंबर फोडलं," चेअरमन गॅरेजात गरजले. "तसं लिहून दे मिस्त्री, म्हणजे त्याला कायमचा काढतो."

हमीद मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे केरबाचा उतरलेला चेहरा आला. त्यानं विचारलं, "इंजिनात तेल कोण घालतं, साहेब?"

"मीच. त्या वरच्या झाकणाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही मी!"

मिस्त्रीनं इंजिन धुऊन कोरडं केलं, त्यावर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरली आणि अर्धा तास गाडी चालू ठेवली. मग बॅटरीच्या उजेडात दिसलं, की काळा ओघळ वरच्या झाकणातून निघून खाली चेंबरवर उतरलाय. झाकणात रबरच नव्हतं.

"पण डाग तर खाली होता!"

"साहेब, गळती वरचीच असते. डाग तेवढा खालच्याला लागतो. लिहून देऊ?"

चेअरमननी मान फिरवली.

नवं रबर बसलं, गळती थांबली. संध्याकाळी गाडी न्यायला मात्र नवाच ड्रायव्हर आला. किल्ली देताना मिस्त्री त्याला एवढंच म्हणाला, "बाबा, या नोकरीत पांढरा शर्ट घालू नकोस."