चिप जागी होण्याआधी

एकदा एक शिष्य आपल्या कामावर इतका खूश झाला, की गुरूने ते तपासावे हेच त्याला जास्तीचे वाटू लागले. शिष्याचे नाव रेवण. गुरू म्हणजे तालुक्याच्या गावातले यंत्रे दुरुस्त करणारे वृद्ध कारागीर. सगळे त्यांना वस्तादच म्हणत. रेवणने कडबाकुट्टीला नवे नियंत्रण बसवले होते. बटण दाबले की नखाएवढी चिप हुकूम देणार, त्या हुकुमाने विजेचा स्विच लागणार आणि पाती फिरणार. यंत्र हौसाक्कांच्या गोठ्यावर जायचे होते. बारा म्हशींची वैरण त्या स्वतः कापत.

वस्तादांनी एवढेच विचारले, की लाईट जाऊन परत आली तर काय होईल? रेवणने ऐटीत सांगितले, की प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत ‘मोटर बंद’ असे लिहिले आहे.

वस्तादांनी पात्यांच्या तोंडाशी ज्वारीचे एक धाट ठेवले. मग शांतपणे चिप उपसून खिशात टाकली आणि मेन स्विच लावला. रेवणला हसू आले. मेंदूच काढून घेतल्यावर यंत्र करणार तरी काय? पाती गर्रकन फिरली, धाटाचे तुकडे त्याच्या पायाशी पडले. वस्तादांनी मेन बंद केला.

“हुकूम कुणी दिला?”

“कुणीच नाही, वस्ताद.”

“चिपला जागं व्हायला क्षणभर लागतो. तुझी पहिली ओळ ती जागी झाल्यावर वाचणार. तोवर ती माझ्या खिशात असल्यासारखीच. हुकूम घेणारं स्विचचं टोक तेवढा वेळ लोंबकळतं, त्याला कुठलीही भटकी वीज पुरते. आणि आपल्याकडं लाईट गेली की माणसं काय करतात? अडकलेली वैरण हातानं काढतात. मालक झोपेत असताना दाराला कडी असावी, बाळा. जागा मालक दार सांभाळतो, यात कौतुक कसलं?”

रेवणने तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर घेतला आणि स्विचचे ते टोक त्यातून ऋण तारेशी जोडले. आता भटकी वीज त्यातून निघून जाणार आणि हुकूम येईपर्यंत स्विच बंदच राहणार होता. मग त्याने चिपशिवायच, नवे धाट ठेवून, वीस वेळा मेन लावून पाहिला. धाट अखंड राहिले. तेव्हा कुठे त्याने वस्तादांकडे चिप मागितली.

चार दिवसांनी तो गोठ्यावर यंत्र चालवून दाखवत असतानाच लाईट गेली. हौसाक्कांनी सवयीने यंत्राच्या तोंडात हात घातला. रेवण “हात काढा” म्हणेपर्यंत लाईट आलीसुद्धा. पाती जागची हलली नाहीत. हौसाक्कांना कशाचाच पत्ता नव्हता. अडकलेला कडबा ओढून काढत, हात पदराला पुसत त्यांनी विचारले,

“दाबू का रं आता बटण?”